छताचा घाम

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या गच्चीवर कंत्राटदाराने उन्हाळ्यात डांबराचा जाड थर घातला, आणि पावसाळ्यात छत आधीपेक्षा जास्त गळायला लागलं! पुस्तकांना बुरशी धरली. ग्रंथपाल कुमुदताई टिकेकरांनी तक्रारींचा धडाका लावला, तेव्हा कुठे अभियंता राजाध्यक्ष साहेब पाहणीला यायला निघाले. ते पोहोचायच्या आत कंत्राटदाराने गळतीखाली ठेवलेल्या सगळ्या बादल्या गुपचूप उचलून मागच्या खोलीत दडवल्या. कुमुदताईंनी ते पाहिलं आणि मुकाट्याने एका बादलीच्या जागी साहेबांसाठी खुर्ची मांडली.

बाहेर पाऊस कोसळत होता. साहेब ऐटीत बसले.

"छत ठणठणीत आहे, बाई. दमट हवेत स्लॅबला घाम येतो, एवढंच. तुम्ही उगाच बोभाटा करताय!"

टपकन एक थेंब साहेबांच्या टकलावर पडला. पाठोपाठ दुसरा थेट कॉलरमध्ये शिरला. साहेब दचकून खुर्ची मागे सरकवू लागले, तशी कुमुदताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"घामच आहे ना, साहेब? मग रुमालाने पुसा आणि बसा इथेच! आमची पुस्तकं महिनाभर हाच घाम सोसताहेत. त्यांना मागे सरकता येत नाही."