कौसाची चौथी चूल

एकदा मातीच्या चुली घालणाऱ्या एका म्हातारीकडे कौसा नावाची बाई काम शिकायला आली. म्हातारीचे हात थरथरू लागले होते. बाजारातली आपली जागा ती जाणत्या हाताला देणार होती. कौसाला ती जागा हवी होती. नाहीतर पुन्हा भावजयीच्या दारात खरकटी घासत बसायचं होतं.

त्या कामात जुना नियम होता. नवी चूल विकण्याआधी घालणारीने स्वतः पेटवायची, तिच्यावर भाकरी भाजायची आणि खायची.

कौसाचा हात म्हातारीपेक्षाही सुबक. पण पेटवायची वेळ आली की तिला काहीतरी सुचायचं. "मावशी, अजून एकदा सारवते." "मावशी, आज वारा फार आहे." "मावशी, ही जरा तिरकी वाटतेय, नाही?" आणि एका सकाळी तीच उठून चूल मोडायची. अशा तीन चुली तिने स्वतःच्या टाचेखाली घातल्या. वर सांगायची, माझं काम बारकाईचं! कसली बारकाई? भीती होती ती, वरून सारवलेली.

चौथी चूल एका नव्या घरासाठी होती. गुरुवारी तिथे दूध उतू घालायचं होतं. मंगळवार उजाडला तरी कौसाच्या हातातला सारवणाचा बोळा सुटेना.

म्हातारीने बोळा काढून घेतला, चुलीत काटक्या सारल्या आणि काडी ओढली. थोड्या वेळाने फट्कन आवाज झाला. चुलीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"मेले गं बाई!" कौसाने कपाळ बडवलं. "मोडलीत ना माझी चूल!"

म्हातारीने डब्यातला गुळाचा खडा आणून तिच्या तोंडात कोंबला. "खा. तडा गेला त्याचा गूळ आहे."

"थट्टा करता होय माझी?"

"थट्टा तू मांडलीस, तीन महिने! ऐक बये. माझ्या चुलीही पहिल्या जाळाला बारीक तडकतात. तुझी एवढी फाटली ती ओलीमुळे, आणि ती ओल तुझ्या रोजच्या सारवण्याची. खोट कुठे आहे ते जाळच दाखवतो. तो दाखवेल तिथे माती भरायची, एवढंच आपलं काम. तुला वाटलं, पेटवलीच नाही तर कोण नावं ठेवील? म्हणून लोकांच्या आधी तूच आपलं काम लाथाडत आलीस. आता तडा भर. गुरुवारी तू पेटवायचीस. मी बघायलाही येणार नाही."

कौसाने तडा भरला. बुधवारभर चूल उन्हात होती. तिचा हात सारखा बोळ्याकडे जाई, तेव्हा ती हातच मांडीखाली दाबून बसली. गुरुवारी सकाळी तिने काडी ओढली. चूल धडधडून पेटली. भाकरी टम्म फुगली. अर्धी तिने खाल्ली, अर्धी म्हातारीच्या हातावर ठेवली आणि चूल निवल्यावर ती डोक्यावर घेऊन निघाली.

नव्या घरात दूध उतू गेलं, तसं घरधनिणीने विचारलं, "कोणी घातली गं ही?"

"मी," कौसा म्हणाली. अंगणापर्यंत ऐकू गेलं.

पुढच्या बाजारी म्हातारीच्या जागेवर कौसा बसली होती. गिऱ्हाइकाने बोट लावून विचारलं, "ही रेघ कसली?"

"पहिल्या जाळाचा तडा. भरलाय मी. न्यायची तर रेघेसकट न्या."

आणि नेली की!

तुम्ही कुठली चूल सारवत बसला आहात, ते तुम्हाला ठाऊक आहे. काडी ओढा.