पाहुणीने दिलेली परवानगी

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी धुके, अकरानंतर लख्ख ऊन.

उदगीरच्या आमच्या वधूवर मंडळाची वेबसाइट उद्या सुरू व्हायची होती. साडेचारशे मुलींचे पत्ते आणि फोन नंबर तीत होते. कॉम्प्युटरचे काम पाहणाऱ्या कस्तुरी बिडवे सभेत म्हणाल्या, "अप्पा, शोधाच्या चौकटीत कुणी गावाच्या नावाऐवजी हुकूम लिहिला, तर आपली वेबसाइट तो मुकाट पाळते. थोडं थांबू या."

अध्यक्ष हंचाटेअप्पा हसले. "बाई, आपली माहिती क्लाउडवर आहे. एवढी मोठी कंपनी पहारा देते! हा घ्या लॅपटॉप. पाहुणी म्हणून आत शिरा आणि दाखवा काही करून."

कस्तुरीताईंनी चौकटीत दोन ओळी लिहिल्या. पडद्यावर मुलींचे नंबर झरझर उतरू लागले.

अप्पा ताडकन उठले. "बंद करा! ही यादी उघडायला अध्यक्षांची परवानगी लागते. ती कुणी दिली?"

"मीच दिली, अप्पा. पहारेकरी जागाच आहे, पण चौकट ज्या खात्यातून माहिती काढते, त्या शोधाच्या खात्याला आपणच सगळे अधिकार देऊन ठेवलेत. पहिल्या ओळीत मी अध्यक्ष झाले. तुम्ही आता पाहुणे आहात, बसा ना. चहा सांगू?"

उद्घाटन १ फेब्रुवारीवर गेले. चौकटीतला मजकूर आता हुकूम म्हणून चालत नाही आणि शोधाच्या खात्याला फोन नंबर दिसत नाहीत.