पाणी न उतरणारा कोयता

एका राज्यात लोखंड मुबलक होते, लोहार कसबी होते, तरीही एकही कोयता लाकडावर टिकत नसे. तिथे गोमाजी नावाचा व्यापारी कोयतेच विकी. माणूस गोडबोल्या, गिऱ्हाइकाला आधी पानसुपारी, मग कोयता. पण त्याची लेक कस्तुरा रानातल्या एका मायावी खैराला टेकली आणि झाडाने तिला खोडात ओढून घेतले. सूर्य मावळला की साल मिटणार होती आणि पोर लाकूड होणार होती.

गोमाजीने दुकानातले तीन उत्तम कोयते आणले. पहिल्याची धार चार घावांत केळीच्या पानासारखी मुडपली. दुसऱ्याच्या धारेचा टवका उडाला. तिसरा मुठीपाशीच कडाडून मोडला.

फांदीवर तांबट पक्षी टुक्‌टुक्‌ करीत बसला होता. तो म्हणाला, "शेट, माल कुणाचा?"

"माझाच."

"मग भांडायलाही कुणी नाही म्हणा!"

"थट्टा राहू दे, पाखरा. कारण सांग."

"पहिला लाल तापवून पाण्यात बुडवलाच नव्हता, पाणी पाजलेच नव्हते, मऊ राहिला. दुसऱ्याला पाजले, कडक झाला, पण काचेसारखा. तिसऱ्याचे पाते मुठीपाशी काटकोनात कापलेले. घावाचा सारा जोर त्या कोपऱ्यात साठला. कोपरा गोल करता येईल. पण ठिसूळपणा जायला पाजलेले पाणी मंद आचेवर थोडे उतरवायला नको?"

"लोहारीण तुळजा पुन्हा तापवून पाहते. पात्यावर रंगच चढत नाही. या राज्यात पाणी उतरतच नाही."

"उतरेल कसे? तुमच्या दर्पसेन राजाने जादूगाराकडे वर मागितला, 'माझे पाणी कधी उतरू नये.' जादूगार शब्दाचा पक्का. त्याने राजाचे अडवले आणि कोयत्यांचेही अडवले. जाता जाता हा खैर लावून गेला. ज्याने वर मागितला त्यानेच तो चारचौघांत परत करावा, एवढाच उपाय."

गोमाजी धावत दरबारात गेला. "महाराज, तीन गोष्टी हव्यात. मुकुट खाली ठेवावा, अनवाणी बाजारात यावे आणि तुळजाचा भाता आपल्या हाताने ओढावा."

"आमचे पाणी उतरवायला आलास?"

"होय महाराज, त्याच कामाला आलो. आपल्या वराने कोयत्यांचेही पाणी अडलेय. एरवी विकायला येतो, आज खैरात अडकलेल्या लेकीसाठी मागायला आलोय."

राजा सिंहासनावरून पुढे झुकला. "मुलीचे नाव काय?"

"कस्तुरा."

राजाने मुकुट उतरवला.

तुळजाने नवा कोयता घडवला, मुठीपाशी गोलाई ठेवली, लाल करून पाण्यात बुडवला. मग मंद विस्तवावर धरला. राजा भात्याला भिडला.

"हळू ओढा, महाराज," ती म्हणाली. "भाता आहे, शत्रू नव्हे."

सारा बाजार खो खो हसला. राजाच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या. पण त्याने हात थांबवला नाही. हात जोडता येईनात म्हणून मानच लववली आणि मोठ्याने म्हणाला, "चूक माझी. वर मी मागितला."

त्याच क्षणी धारेवर वाळल्या गवताचा रंग चढला आणि पाठीकडे जांभळा.

"उतरलं!" तुळजा ओरडली.

सूर्य झाडांना टेकला होता. गोमाजीने नव्या कोयत्याने खैरावर घाव घातला. पाते रुतले तेव्हा तांबट वरून म्हणाला, "पिळू नको, सरळ ओढ." चाळीस घाव झाले. धार ना मुडपली, ना उडाली. साल फाटली आणि कस्तुरा बाहेर आली. तिच्या केसांत लाकडाचा भुसा होता.

"बाबा, इतका वेळ?"

"चांगला माल मिळायला वेळ लागतो गं," गोमाजी म्हणाला आणि खाली बसून रडू लागला.

खैर वाळला, शाप फिटला, राज्य सुखाने नांदू लागले. तिथे आता कोयता घेताना गिऱ्हाईक विचारते, "पाणी उतरवलंय ना?" राजवाड्याच्या दारातही हे मोठ्याने विचारले, तरी कुणी रागवत नाही.