महाराजांना पाठ दाखवायची नाही

कुंभेरीच्या चंद्रहासराजांनी मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात स्वतः अंपायर व्हायचं ठरवलं आणि सामना सुरू होण्याआधीच अडला. अंपायरसाठी निळा सदरा, छातीला बांधायची गादी आणि तोंडावर लावायची लोखंडी जाळी तयार होती. महाराज आले ते जरीचा अंगरखा, मोत्यांचा कंठा आणि हातभर तुऱ्याचा फेटा घालून.

"जाळी?" महाराज म्हणाले. "आम्ही काय खुराड्यातले कोंबडे आहोत?"

मग त्यांची नजर यमुनेवर गेली. यमुना गावच्या लोहाराची मुलगी, कुंभेरी संघाची कॅचर. बॅटवालीच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचा हे तिचं काम, आणि अंपायरची जागा बरोबर तिच्या पाठीमागे. तिने नियमाप्रमाणे जाळी, गादी, पायांना पट्टे असा सगळा साज चढवला होता.

"आमच्यापुढे तोंड झाकतेस? वर पाठही दाखवतेस?" महाराज गुरकावले. "दरबारातून माणसं उलट पावली बाहेर जातात. आमच्याकडे तोंड करून बस, तेही उघडं. जमत नसेल तर तुमचा संघ हरला."

समोरच्या संघातल्या, पलीकडच्या संस्थानातल्या मुली आतापासूनच एकमेकींना टाळ्या द्यायला लागल्या. यमुनेचं डोकं तापलं. हाच काटेरी माळ साफ करून कुंभेरीच्या मुली खेळायला शिकल्या होत्या, आणि हा बाबा मानपानासाठी सगळं घालवणार!

"जशी आज्ञा, महाराज," ती गोड आवाजात म्हणाली. "फक्त ही जाळी डोक्याच्या मागच्या बाजूला बांधू द्या. चेंडूला काही तुमचा दरारा ठाऊक नाही."

महाराजांनी हसत परवानगी दिली. यमुनेने जाळी मागे बांधली, महाराजांकडे तोंड केलं, अंग चोरून खाली बसली आणि हात जोडले. तिच्याच संघाची, चेंडू टाकणारी गोदी गोंधळली. यमुना न वळताच ओरडली, "टाक गं, नेहमीसारखा!"

निकाल द्यायला महाराज वाकले आणि गोदीने चेंडू टाकला. बॅटवालीने बॅट फिरवलीच नाही. चेंडू यमुनेच्या डोक्यावरून सणसणत गेला आणि त्याने महाराजांचा फेटा तुऱ्यासकट मागच्या बाभळीत नेऊन अडकवला.

महाराजांचं टक्कल उन्हात चमकत होतं.

"अडवला का नाहीस?" महाराजांनी विचारलं.

"वळले असते तर पाठ दिसली असती, महाराज. बरं, निकाल काय? स्ट्राइक की बॉल? म्हणजे चेंडू बरोबर पडला की बाहेर?"

महाराजांनी खाकरून घेतलं. "आम्ही डोळे मिटले होते."

"मग गोदी दुसरा टाकेल. त्याआधी एवढं ठरवा. माझी पाठ बघायची की चेंडूचं तोंड?"

महाराजांनी टकलावरून हात फिरवला, बाभळीकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले.

"कारभारी, तो सदरा, गादी, जाळी, सगळं आणा. या मुलींना नवंकोरं सामान द्या, आणि हा माळ आजपासून त्यांचा."

जाळी चढवून महाराज जागेवर उभे राहिले आणि म्हणाले, "पाठ कर आमच्याकडे, पोरी. आणि जमेल तेवढी रुंद बस."