दयाळाची शीळ

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली, माझ्या जन्माच्या फार आधी.

एका दयाळ पक्ष्याने बायकोला बोलवायला स्वतःची शीळ रचली. साळुंक्यांना ती आवडली आणि बघता बघता झाडाझाडावर वाजू लागली. बिचारी बायको प्रत्येक शिळेमागे धावली आणि हरवली.

दयाळ न्यायाधीश घुबडाकडे गेला. "आजोबा, माझी शीळ चोरली!"

"घरट्यातली वस्तू गेली तरच चोरी, असा आपला कायदा. शीळ तर तुझ्या गळ्यातच आहे की रे! मग गेलं काय?"

"बायको गेली, आजोबा."

"ती कुठे साळुंक्यांनी नेली?"

शेवटी एकदाचा कायदा बदलला. साळुंक्या गप्प झाल्या. दयाळ एकटाच शीळ घालत राहिला, पण कुणीच आलं नाही.

कायदा बदलला, तेवढं मात्र मी पदरचं घातलं. घुबड अजून विचार करतंय.