अस्वलाची गाडी आणि न वाचलेले पान

डोंगराच्या कुशीत सागाचे एक दाट रान होते, आणि त्या रानात एक अस्वल राहत असे. मुलांनो, हे अस्वल मोठे कष्टाळू होते आणि मनाने त्याहून चांगले. उन्हाळ्यात रानातली डबकी आटत आणि पाणी उरे ते फक्त डोंगरापलीकडच्या तळ्यात. ज्यांचे पाय धड होते ते चालत जात. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय करावे? म्हणून अस्वलाने उन्मळून पडलेल्या एका झाडाच्या खोडाची चाके केली, वर बांबूची बैठक बांधली आणि दोन वर्षे राबून एक गाडी तयार केली. सकाळी म्हाताऱ्यांना गाडीत बसवायचे, स्वतः ओढत तळ्यावर न्यायचे आणि पाणी पाजून परत आणायचे, हा त्याचा नेम होऊन गेला. एका पायाने अधू असलेली एक सांबरीण रोज या गाडीतून जाई. अस्वल तिला मावशी म्हणे. चढणीला अस्वलाला धाप लागली, की ती गाडीतून म्हणायची, "बस रे जरा. तळं काही पळून जात नाही."

या अस्वलात एकच खोड होती. लांबलचक बोलणे ऐकायचा त्याला भारी कंटाळा. कुणी दोन वाक्यांनंतर तिसरे सुरू केले, की ते "कळलं, कळलं" म्हणून मोकळे होई.

एकदा सिंहाने हुकूम काढला, "ज्याची गाडी रानवाटेने जाईल, त्याने विमा घेतलाच पाहिजे." विमा म्हणजे दर पौर्णिमेला ठरलेले काही द्यायचे आणि पुढे अपघात झाला, तर विमा देणाऱ्याने नुकसान भरून द्यायचे. त्या रानात विमा देणारे दोघे होते, हत्तीण आणि कोल्हा.

अस्वल आधी हत्तिणीकडे गेले. हत्तीण सावकाश बोलणारी. ती म्हणाली, "दर पौर्णिमेला मधाचं एक भरलेलं पोळं द्यावं लागेल. आता नीट ऐक. तुझ्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते मी भरीन. तुझी गाडी मोडली, जळली, वाहून गेली, तर तीही नवी करून देईन. पण काही गोष्टींत मी काही देणार नाही. त्या म्हणजे..."

"कळलं, कळलं," अस्वल उठत म्हणाले. पूर्ण पोळे म्हटल्यावर त्याचे पुढचे ऐकण्यात लक्षच उरले नव्हते.

"न ऐकता उठू नकोस रे," हत्तीण म्हणाली. "माझा विमा घे किंवा घेऊ नकोस. पण ज्याचा घेशील, त्याला एवढं तरी विचार, की माझ्या गाडीचं काही झालं तर मला काय मिळेल?"

कोल्ह्याकडे काम चटकन झाले. "अस्वलदादा, पोळ्याचा एक कोपरा दिलास तरी पुरे," तो म्हणाला. "सिंहमहाराजांच्या हुकमाला एवढा विमा चालतो. कुणी अडवलं तर हे पान दाखवायचं." आणि त्याने सागाचे एक मोठे पान पुढे केले. त्यावर साळिंदराच्या काट्याने बारीक अक्षरांत अटी कोरल्या होत्या. "वाचून घे हं," कोल्हा म्हणाला.

"वाचायचंय काय त्यात? विमा तो विमा," असे म्हणत अस्वलाने पानाची गुंडाळी करून गाडीत खोचली. हत्तिणीचा प्रश्न त्याच्या ओठांवर आलाच नाही.

पुढे झाले असे, की एका वळणावर गाडीचे चाक घसरले आणि खारीने वाळत घातलेले आवळे चिरडले गेले. खार रडकुंडीला आली. अस्वल धावत कोल्ह्याकडे गेले. कोल्ह्याने एका शब्दाने खळखळ केली नाही. ऊन कलायच्या आत खारीच्या दारात तेवढेच आवळे आणून ओतले. अस्वलाला कोण आनंद झाला! ज्याला त्याला ते सांगू लागले, "हत्तीण पूर्ण पोळं मागते. माझं काम बघा कसं कोपऱ्यात भागलं!" सांबरीण एवढेच म्हणाली, "हे खारीचं झालं, बाबा. तुझं काही झालं तर?" त्यावर अस्वल म्हणाले, "कळलं, मावशी, कळलं."

चैत्र संपत आला होता. एका दुपारी वाळलेले बांबू एकमेकांवर घासून ठिणगी पडली आणि बघता बघता वणवा पेटला. अस्वल नुकतेच तळ्याकडे निघाले होते. गाडीत सांबरीण होती, एक म्हातारे कासव होते आणि सशाची दोन पिल्ले होती. धुराचा लोट मागून येत होता. अस्वल जिवाच्या आकांताने गाडी ओढत खिंडीपाशी आले, तो काय! खिंडीत एक जळके झाड आडवे पडलेले. गाडी पलीकडे जाणे शक्यच नव्हते.

क्षणभरही विचार न करता अस्वलाने गाडी सोडली. कासव आणि पिल्ले यांना पाठीवर घेऊन ते झाडावरून पलीकडे गेले, परत आले आणि सांबरिणीला खांद्याचा आधार देत, ओढत, ढकलत बाहेर काढले. सगळे तळ्याच्या काठी पोचले. मागे वळून पाहिले, तर गाडी धडधडून जळत होती. पिल्ले रडू लागली. सांबरीण म्हणाली, "आमच्यापायी तुझी गाडी गेली रे."

केस होरपळलेले, डोळे लाल झालेले. तरी अस्वल हसले. "गाडीचं काय घेऊन बसलात? माझा विमा आहे ना!"

दुसऱ्या दिवशी ते कोल्ह्याकडे गेले. कोल्ह्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "अस्वलदादा, तू घेतलेला विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा. तुझ्या गाडीनं कुणाचं काही बिघडलं असतं, तर मी भरून दिलं असतं. तुझी स्वतःची गाडी त्यात येत नाही."

"हे तू मला सांगितलं नाहीस!" अस्वल गरजले.

"तू विचारलं नाहीस," कोल्हा म्हणाला. त्याचीही मान खाली गेली होती. "आणि पानावर पहिलीच ओळ ती होती. सांगायला हवं होतं मी, खरंय. पण पान तुझ्याच हातात होतं ना?"

अस्वल तिथून उठले. पाय ओढत ते हत्तिणीकडे गेले. "हत्तीणबाई, आता पूर्ण पोळं देतो. दोन देतो. माझी गाडी करून द्या."

हत्तिणीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने सोंडेने त्याच्या होरपळलेल्या पाठीवर चिखलाचा लेप लावला. "जळण्याआधी आला असतास, तर आज मीच तुझ्या दारात आले असते," ती म्हणाली. "जळलेल्या गाडीचा विमा कसा रे देऊ? बाकीच्यांनी मधाची पोळी दिली, ती ज्यांनी वेळेत विमा घेतला त्यांच्यासाठी. ती मी तुला देऊन टाकली, तर त्यांना काय तोंड दाखवू?"

उन्हाळ्याचे अजून दोन महिने उरले होते. अस्वल म्हाताऱ्यांना पाठीवर बसवून नेऊ लागले. पण पाठ एक आणि तहानलेले दहा. त्यातून भाजलेली पाठ बरी होईना. कासव मुलाकडे राहायला गेले. शेवटी सांबरिणीनेही ठरवले, की नदीकाठच्या दूरच्या कळपाकडे जायचे.

निरोप देताना ती म्हणाली, "तू मला आगीतून काढलंस. तुझ्यावर माझा राग नाही, बाबा." ती रागावली असती तर अस्वलाला बरे वाटले असते. लंगडत लंगडत ती उतरणीला लागली. अस्वल पाहत राहिले. तिला सोडायला जायलासुद्धा त्याच्यापाशी गाडी नव्हती.

दोन वर्षे राबून अस्वलाने पुन्हा गाडी केली. चाके रानवाटेला लागण्याआधी ते हत्तिणीकडे गेले आणि दिवसभर तिथेच बसले. काय मिळेल, काय मिळणार नाही, कुठली चूक झाली तर विमा बुडेल, सगळे त्याने विचारले. जे कळले नाही ते दोनदा विचारले. मग पान ओळीओळीने वाचले आणि त्यावर पंजा उमटवला.

पहिली फेरी त्याने नदीकाठाला नेली. कळपातल्या एका हरिणीला त्याने विचारले, "इथे एक सांबरीण आली होती. एका पायानं अधू. तिला रानात परत न्यायला आलोय."

हरिणी हळूच म्हणाली, "ती मागच्या हिवाळ्यात गेली."

 अस्वलाने रिकामी गाडी वळवली आणि ते रानाकडे चालू लागले.

तात्पर्य : विमा घेताना द्यायचे किती, एवढेच पाहू नये, वेळ आल्यावर मिळणार काय आणि काय नाही, हे आधी विचारून आणि वाचून घ्यावे. नुकसान झाल्यावर आलेले शहाणपण पुढच्या गाडीला उपयोगी पडते, गेलेल्या दिवसांना नाही.