गुरुजींच्या हातची सुबाभूळ

ही हकिकत मी ९ ऑक्टोबर २०२२ रोजी, रविवारी सकाळी, हौसाबाई कोळेकर या मेंढपाळ आजींकडून ऐकली. गवतांच्या नोंदी घेण्यासाठी मी त्यांच्या माळावर गेलो होतो. त्यांनी सांगितली त्याच क्रमाने ती येथे देत आहे.

एका गावाला एक माळ होता. वर्षातले आठ महिने तो पिवळा दिसे. गावातल्या हिरवाई मंडळाला तो ओसाड वाटला. मंडळाचे प्रमुख उबाळे गुरुजी यांनी एक प्रथा पाडली: घरातले माणूस गेले, की त्याच्या नावाने माळावर एक झाड लावायचे. लवकर वाढते म्हणून त्यांनी सुबाभूळ निवडली. पहिले झाड त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या, कावेरीबाईंच्या, नावाने लावले. दर रविवारी मंडळ घागरींनी पाणी घाली. सहा वर्षांत माळ हिरवा झाला. पाहुणे येऊन कौतुक करू लागले.

एके दिवशी हौसाबाई गुरुजींच्या दारात आल्या.

"गुरुजी, तुमची झाडं माझ्या मेंढरांच्या ताटात उभी राहिलीत."

"मग पाला चारा की! फुकटचा आहे."

"तोंडी लावायला बरा. पोटभर घातला, तर लोकर गळती. हे बघा." त्यांनी पदरातून लोकरीचा पुंजका काढून ओट्यावर ठेवला. "गवत मिळालं नाही, तर औंदा कळप विकावा लागंल."

गुरुजींना ते पटले नाही. पण तपासल्याशिवाय नाकारणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी माळावर दोरीने दोन सारखे चौकोन आखले, एक झाडांखाली आणि एक उघड्यावर. उघड्या चौकोनात पवन्या, मारवेल धरून अकरा जातींचे गवत निघाले, शिवाय चंडोलाचे एक घरटे. झाडांखाली सुबाभळीची रोपे तेवढी होती. गुरुजींनी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

त्यांनी मंडळाची सभा बोलावली आणि सारे सांगून टाकले.

"म्हणजे आमच्या आईचं झाड तोडणार?" तुळशीराम तांबे उसळला. "तुम्हीच लावायला सांगितलंत ना?"

"मीच सांगितलं," गुरुजी म्हणाले. "माळ रिकामा आहे असं मी समजलो. तिथे आधीपासून कोण राहतं, हे विचारलं नाही."

कोणी उठेना. तेव्हा गुरुजी कुदळ घेऊन एकटेच माळावर गेले आणि कावेरीबाईंच्या झाडाच्या मुळाशी खणू लागले. मूळ खोल गेले होते. दुपार झाली तरी ते निघेना. अखेर तुळशीरामच माळावर आला. "सरका गुरुजी. मास्तरकीत कुदळ शिकवत नाहीत."

त्या वर्षी मंडळाने सगळी सुबाभूळ मुळासकट काढली. माळावर पूर्वीपासून असलेली बोरी-हिवराची झाडे तेवढी राहिली. प्रथा मोडली नाही, बदलली. आता गेलेल्या माणसाच्या नावाने गवताचा एक पट्टा राखतात. बी गळून पडेपर्यंत तिथे विळा लावत नाहीत आणि जनावर सोडत नाहीत. पडून राहिलेल्या बियांतून सुबाभूळ अजून उगवते, म्हणून मंडळ दर रविवारी माळावर जाते आणि ती उपटते. हौसाबाईंचा कळप विकला गेला नाही.

कावेरीबाईंच्या झाडाच्या जागी पहिल्याच वर्षी चंडोलाने घरटे केले, असे हौसाबाई सांगतात. एवढा एक भाग मला पडताळता आला नाही. मी जागा पाहायला निघालो, तेव्हा त्यांनी काठी आडवी धरली. "थांब लेकरा. बी गळल्याबिगर तिथं पाय ठेवायचा नाही. गुरुजीसुद्धा ठेवत न्हाईत."

तात्पर्य: चांगल्या हेतूने केलेली चूकही चूकच असते; ती ज्याच्या हातून झाली, त्याने ती उपटण्यासाठी पहिली कुदळ उचलावी.